छत्रीतला सोनकिडा

श्रावण वद्य एकादशी, शके १९००. नाशिक.

आज कॉलेजच्या संग्रहासाठी किडे गोळा करायला त्र्यंबक रस्त्याला गेलो होतो. बाभळीखाली छत्री उलटी धरायची आणि फांदीवर काठी मारायची, किडे छत्रीत पडतात. आमच्या प्रयोगशाळेत ही रीत माझीच. छत्रीही माझीच.

पहिल्याच फटक्याला जांभळा सोनकिडा पडला. हा रंग आमच्या संग्रहात नाही. पण एकादशीला मी विषाच्या बाटलीत जीव घालत नाही. परत फांदीवर सोडला.

बरोबर आलेला, यंदाच नोकरीला लागलेला गायकवाड हसला. "अण्णा, तुमचा उपास अन् किड्याची दिवाळी! आणा ती छत्री इकडं." त्यानं तीच फांदी बडवली आणि तोच किडा बाटलीत घातला.

प्रयोगशाळेत परतल्यावर आमच्या विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "गायकवाड, वीस वर्षांत असा नमुना आला नाही हो!"

वीस वर्षं किडे आणतंय कोण? वर माझं अक्षर चांगलं, म्हणून टाचणीखालची चिठ्ठी मलाच लिहायला लावली. गोळा करणारा: गायकवाड. छत्री कुणाची, हे चिठ्ठीवर लिहीत नाहीत.

जीव गेल्याचं वाईट वाटलं असतं तर बरं होतं. वाटलं ते नावाचं. विठ्ठला, मग माझा उपास कसला?

घरी येऊन छत्री वाळत घालायला उघडली, तर काडीच्या सांध्यात दुसरा सोनकिडा. जांभळाच, गायकवाडच्या किड्याहून मोठा, जिवंत. त्याला सोडायला दारापर्यंत गेलो. तिथून परत आलो. काड्यापेटीला भोकं पाडली, छत्रीत अडकलेला बाभळीचा पाला आत घातला आणि पेटी देव्हाऱ्यामागे ठेवली.

उद्या द्वादशी आहे.