काकू, जातो

नाशिक, जून १९९९, शुक्रवार

आज बिष्टने पुन्हा हेलिकॉप्टर उडवलं. नायरला जाऊन अजून आठवडाही झाला नाही.

वरच्या खोलीतले माझे हे दोन भाडेकरू, दोघेही लष्करात हेलिकॉप्टर शिकणारे. शिकून झालं की थेट कारगिल. नायर केरळचा, पण मराठी पटकन उचललं. निघताना बरोबर म्हणायचा, "काकू, येतो." बिष्ट मात्र दरवेळी, "काकू, जातो." मी ओरडायचे, घरातून निघताना जातो म्हणू नये रे. नायर हसायचा. सोमवारीही तो येतो म्हणूनच निघाला, आणि त्याचं हेलिकॉप्टर शेतात कोसळलं.

आज सकाळी बिष्ट बूट घालत होता. विचारलं, थोडे दिवस सुट्टी नाही का रे देत?

"देतात, काकू. पण आज नाही बसलो तर उद्या हात थरथरेल. तिकडे आपले लोक वाट बघतात."

एवढंच बोलला. चहा पूर्ण प्यायला, कप विसळून ठेवला. माझा मुलगा असता तर मी दार अडवून उभी राहिले असते. ह्याच्या आईने काय करावं? कुठल्या मातीची ही पोरं.

फाटकाशी वळून म्हणाला, "काकू, जातो." ओरडायला तोंड उघडलं होतं, पण शब्द गिळले. दिवसभर तेच कानात. जातो.

संध्याकाळी फाटक वाजलं. बिष्टच होता.

आता त्याचं मराठी मी सुधारणार नाही.