चिंचेने घासलेले अकरा हाली रुपये

मी, शरणबसप्पा वीरभद्रप्पा बेडगे, वय वर्षे ७७, धंदा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा, राहणार मुरुम, तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. किळस मात्र आली आहे, आणि ती कागदावर उतरलेली बरी. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मी भोळसटपणाने लिहिली होती.

१. राहते घर माझी एकुलती मुलगी उमादेवी, मुक्काम मेलबर्न, हिला द्यावे. ती नऊ वर्षांत या घरात आलेली नाही. तिची आई इरम्मा गेली तेव्हा तिने माती फोनच्या पडद्यावर पाहिली. फोन माझ्या पुतण्याने, नंदीशने, धरला होता. त्याचा हात भरून आला, पण मुलीला तिकीट मिळाले नाही.

२. दुकान, तराजू व ठोकणीची हत्यारे नंदीशला द्यावीत. त्याच्यावर माझा राग आहे, पण चौदा वर्षे तो गल्ल्यावर प्रामाणिकपणे बसला आहे. सोबत त्याला चिंचेची एक बरणी द्यावी. कारण पुढे लिहिले आहे.

३. नाण्यांविषयी. मोडीत आलेल्या भांड्यांबरोबर लोक निजामाच्या काळची नाणी, त्याचे चांदीचे हाली रुपयेही, आणत. इतर दुकानदार ती वितळवत, मी ठेवून घेत असे. वडिलांनी उर्दू आकडे शिकवले होते, म्हणून प्रत्येक नाण्याचे हिजरी साल मी वहीत लिहिले. उमादेवी दहा वर्षांची असताना नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि चारमिनार उमटला की ओरडायची. ते कागद त्याच वहीत चिकटवले आहेत.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. "आप्पा, ते चारमिनारवाले रुपये पाठवा की. हॉलमध्ये फ्रेम करून लावते."

मी म्हणालो, "ये आणि बघ."

"रजा कुठं मिळतीय हो? पार्सल टाका, त्यात काय एवढं!"

मी विरघळलो. शंभर वर्षांपुढचे नाणे देशाबाहेर पाठवता येत नाही, हे मला ठाऊक होते. गावात ज्याला विचारले त्याने वेगळीच युक्ती सांगितली. कुणी म्हणाला शेंगाचटणीत पुरा, कुणी म्हणाला साडीच्या घडीत शिवा. कायदा पाळा असे एकही तोंड बोलले नाही. शी! शेवटी नंदीश म्हणाला, "आप्पा, घासून नवं केल्यावर जुनं कोण म्हणंल? काळजी करू नगा." त्याने अकरा रुपये चिंच आणि राख लावून तांब्यासारखे लख्ख घासले. फॉर्मवर 'पितळी बिल्ले, भेट' असे लिहिले. सही माझी आहे. चष्मा नव्हता वगैरे सबब मी सांगणार नाही. वाचले आणि सही केली.

पार्सल मुंबईत कस्टमने उघडले. मला बोलावले. साहेब माझ्या मुलीच्या वयाचे होते. त्यांनी भिंगाखाली रुपया धरला आणि हिजरी साल वाचले, १३२९, म्हणजे इंग्रजी १९११. मग हळहळून म्हणाले, "काका, एवढं चांगलं नाणं घासलंत कशाला? संग्राहक आता याला हातही लावणार नाही. आणि खरं लिहिलं असतं तर आम्ही नुसतं परत पाठवलं असतं." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी चालले असते. अकरा रुपये सरकारजमा झाले. मोडीतून ज्यांना वाचवले, त्यांना मीच मारले. परतीच्या गाडीत मला स्वतःचीच किळस आली.

उमादेवीला फोनवर हे सांगितले. ती म्हणाली, "जाऊ दे आप्पा. बाकीचे दुसऱ्या कुरिअरनं पाठवून बघा."

४. म्हणून, उरलेली एकशे चाळीस नाणी व ती वही उमादेवीच्या हातात, माझ्या दुकानात, समक्ष द्यावी. मुखत्यार, मैत्रीण, कुरिअर चालणार नाही. नाणी तिची झाली तरी देशातच राहतील. वहीला कायद्याची आडकाठी नाही, माझी आहे. दोन वर्षांत ती आली नाही तर सर्व सरकारी वस्तुसंग्रहालयास द्यावे. तोवर नाण्यांना कुणीही चिंच लावू नये.

५. माझा देह आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे इरम्माच्या शेजारी बसवून मातीत ठेवावा. त्या वेळी नंदीशने फोन धरू नये. हात भरून येईल म्हणून नव्हे. मला तसे नको आहे.

उमादेवी, आपल्यात जाळत नाहीत, हे तू विसरली असशील. रक्षा होणार नाही, अस्थी निघणार नाहीत. माझ्यातले काहीही तुला पार्सलने येणार नाही. तुलाच यावे लागेल.

वरील मजकूर मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. शेवटचे कलम हरिबाने वाचले, मला ते वाचवेना.

साक्षीदार:
१. हरिबा गणपती सगर, निवृत्त पोस्टमन, मुरुम (सही)
२. शिवलिंगप्पा महारुद्रप्पा कोरे, किराणा दुकानदार, मुरुम (सही)

लिहून देणार: शरणबसप्पा वीरभद्रप्पा बेडगे (सही, चष्मा लावून)

मुरुम, दिनांक १२ फेब्रुवारी २०२५