शिक्का चालतो आहे तोवर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेसष्ट, अविवाहित, धंदा पुस्तकबांधणीचा, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी फूस लावलेली नाही आणि माझे डोके आज ठिकाणावर आहे. हे शेवटचे वाक्य लोक रिवाज म्हणून लिहितात. मी ते पुरावा म्हणून लिहीत आहे, कारण माझा आजार विसरण्याचा आहे. तो अजून सुरुवातीलाच आहे असा डॉक्टरबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. हा कागद वेडीने लिहिला असे माझा थोरला भाऊ उद्या म्हणेल. म्हणून काय, कोणाला आणि का, हे सगळे सांगते. वाचणाऱ्याने कंटाळू नये.

कलम १. राहते घर, म्हणजे खालचा कारखाना आणि वरच्या दोन खोल्या, माझ्या पश्चात माझ्या पुतणीला मिळावे. ती भावाचीच मुलगी, पण चौदाव्या वर्षापासून दर रविवारी दुपारी माझ्याकडे येते आणि आता सहा वर्षे इथेच राहते. मला सांभाळणे ही या घराची अट नाही. तिने मला सांभाळले नाही तरी घर तिचेच. हे वाक्य मी दोनदा वाचून पाहिले आहे.

भावाला काही नाही. माझा पाय मोडून मी दवाखान्यात होते तेव्हा त्याने मी लिहिलेल्या गोष्टींच्या पहिल्या अकरा वह्या रद्दीत घातल्या. त्याला आज एकोणतीस वर्षे झाली. ही गोष्ट मी विसरलेले नाही, याची डॉक्टरबाईंनीही नोंद घ्यावी.

कलम २. कारखान्यातले पुस्तके दाबायचे दोन्ही शिकंजे, दाभण, सुया आणि दोऱ्याची रिळे दर रविवारी माझ्याकडे येणाऱ्या ड्रायव्हरला द्यावीत. तो शहरात बस चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी माझ्यापेक्षा सरळ टाके घालतो. कागद कापायचे यंत्र मात्र विकून टाकावे. मार्च महिन्यात एका सकाळी त्याचे पाते खाली आले तेव्हा माझा डावा हात पात्यापासून दोन बोटांवर होता. तो मी तिथे का ठेवला होता ते मला आजही सांगता येत नाही. पाते पडल्यावर मी बराच वेळ त्या हाताकडे बघत उभी राहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. मग यंत्राची वायर काढली, गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. हे मी कोणालाच सांगितले नव्हते. आता सांगितले.

कलम ३. वरच्या खोलीतले गोल टेबल, चार खुर्च्या, फाशांची पिशवी, नकाशे आणि बेचाळीस वह्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हा जुगार नाही. एकजण गोष्ट चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसे होतात. मी सांगते की समोर पूल आहे, पलीकडे पहारा आहे. आपले माणूस काय करील हे खेळणारे सांगतात, आणि जमले की फसले हे फासा ठरवतो. चालवणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात. आमच्याकडे त्याचे मास्तर झाले आणि बाई असूनही मी चोवीस वर्षे मास्तरच आहे. खेळणारे तिघे: पुतणी, ड्रायव्हर, आणि सरकारी दवाखान्यात नोकरी करणारी सिस्टर.

मास्तरने बेत रचायचा आणि या तिघांनी तो उधळायचा, असे आमचे चालते. एकदा मी तीन महिने खपून सात दरवाज्यांचा किल्ला रचला, दर दरवाज्यावर निराळे संकट. ड्रायव्हरने विचारले, "मास्तर, आत धान्य कसं येतं?" म्हटले, गाड्यांतून. सिस्टरने विचारले, "आणि साथ आली तर?" मी बेसावधपणे बोलून गेले की किल्लेदार साथीला फार भितो, त्याची बायकापोरे साथीत गेली. झाले! तिघांनी धान्याच्या गाड्यांवर साथीच्या खुणेच्या पिवळ्या चिठ्ठ्या डकवल्या आणि दोन गाडीवानांना खोकायला शिकवले. किल्लेदाराने स्वतःच सातही दरवाजे उघडून किल्ला रिकामा केला. माझे एकही संकट कोणाच्या दृष्टीस पडले नाही. आठ दिवस मी फुरंगटून बसले होते.

"माहिती तुमचीच, मास्तर," ड्रायव्हर म्हणाला. "आम्ही फक्त नीट ऐकलं."

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी गोष्टीत एक नावाडी आणला. तो दोन वर्षांपूर्वीच बुडून मेला होता. कोणी चूक दाखवली नाही. सिस्टर एवढेच म्हणाली, "वाचला तर हा!" पुढच्या रविवारपासून तिच्या पात्राने नवीच सवय लावून घेतली. खेळ सुरू होण्याआधी ते आपल्या घोड्याला मागच्या वेळची सगळी हकीकत सांगायचे. ड्रायव्हरचे पात्र दर वेळी नकाशा काढून माझ्यापुढे सरकवायचे. मी खूष! यंदा खेळ कसा रंगात आला आहे, असे मीच त्यांना म्हणाले.

मग फेब्रुवारीत टेबल पुसताना पुतणीची वही उघडी दिसली. एका पानावर तारखा होत्या. "नावाडी जिवंत." "तोच दरवाजा दोनदा." "मला सिस्टर म्हणून हाक मारली." "जिन्यात थांबली, वर का जायचं ते आठवेना." पान भरले होते आणि उलटले तर पुढचेही भरले होते. वही होती तशी ठेवली आणि कोणाला काही विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी खरे सांगितले असते, आणि तेच मला नको होते. त्या दिवसापासून रोज सकाळी दार लावून मी मोठ्याने वस्तूंची नावे म्हणत असे. खिडकी, कात्री, खळ, पुठ्ठा. एक दिवस खळ हा शब्द आला नाही. समोर भांडे भरून खळ होती, बोटांना चिकटली होती, आणि शब्द नाही. मी तिथेच जमिनीवर बसले.

एप्रिलमधल्या एका रविवारी पुतणीच्या पात्राने खेळात नवा प्रश्न काढला. "राज्याची राणी आजारी आहे. तिला कळलंय, पण ती वैद्याकडे जात नाही. ती कशानं जाईल?"

मास्तरने खेळात खोटे बोलायचे नसते. मी राणीच्या जागी बसून विचार केला आणि म्हटले, "विनवण्या केल्या तर जाणार नाही. भीती घातली तर दार लावून घेईल."

"मग?"

"तिला सांगा, तुझा शिक्का अजून चालतो, पण पुढच्या वर्षी चालेल याची खात्री नाही. राज्य कोणाला द्यायचं ते आत्ता ठरव, आणि शिक्का खरा आहे असं वैद्याकडून लिहून आण. मग ती स्वतःच्या पायांनी जाईल."

कोणी फासा उचलला नाही. पुतणीने वहीतून एक कार्ड काढून टेबलावर ठेवले. डॉक्टरबाईंचे नाव, मंगळवार, साडेदहा.

"आत्या, तूच सांगितलंस."

मी नाही नाही ते बोलले. खेळ संपला, चालते व्हा, माझ्या घरात माझ्यावर पाळत ठेवता, असे ओरडले. सिस्टर रडत होती. पुतणी कार्डावरचा हात काढेना. ड्रायव्हर उठलाच नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "मी रोज पन्नास माणसं घेऊन निघतो. निघायच्या आधी ब्रेक लागतो का बघतो. भीती वाटते म्हणूनच बघतो."

मंगळवारी मी गेले. डॉक्टरबाईंनी पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. तीन आले. राहिलेले दोन कोणते ते मी विचारले नाही. कधीकधी रस्त्याने चालताना वाटते, ते दोन शब्द मागून येत आहेत.

तर टेबल आणि वह्या तिघांच्या मिळून. वाटणी करू नये. आणि या कलमाने मी त्यांची माफी मागते.

कलम ४. बँकेतली शिल्लक माझ्या औषधपाण्याला आणि पुढे मला सांभाळायला ठेवावी लागेल त्या पगारी बाईला पुरवावी. उरेल ते पुतणीचे. मृत्युपत्राची अंमलबजावणी सिस्टरने पाहावी. भावाला यात हात घालू देऊ नये, कारण मागच्या महिन्यात तो एकटा कारखान्यात आला होता. पुतणी कामावर गेली होती.

"हे बघ, तुला आता झेपणार नाही," तो म्हणाला. "इथे सही कर. बाकी मी बघतो." तो सहीच्या जागेवर बोट ठेवून उभा राहिला. मी पेन हातात घेतले होते. हे लिहायला लाज वाटते, पण इतकी घाबरले होते की कोणीतरी सगळे बघणार, याचेच मला बरे वाटले.

"दादा, आधी वाचून दाखव," मी म्हटले.

त्याने वाचले. पण मी चाळीस वर्षे कागद मोजते आहे. टाचणीखाली तीन पाने होती आणि त्याने उलटले एकदाच. मधले पान मी स्वतः वाचले. त्यात घर विकण्याचे कुलमुखत्यारपत्र होते. पेन खाली ठेवले. तो गेल्यावर दाराला आतून कडी घातली, आणि पुतणी येईपर्यंत तीनदा उठून ती लागली आहे ना ते पाहिले.

कलम ५. मला भेटायला येण्याबद्दल. मी ओळखेनाशी झाले की कोणीही "मी कोण, सांग बघू?" असे विचारू नये. ती परीक्षा मी एकदा दिली आहे. आल्याबरोबर आपण कोण, हे सरळ सांगावे आणि जवळ बसावे. मी घाबरले असेन तर घाबरण्यासारखे काही नाही असे म्हणू नये. तसे म्हणणाऱ्याला मी कधी जवळचे मानले नाही. मी चुकीचे काही बोलले, मेलेल्या माणसांना जेवायला बोलावले, तर त्यांचेही पान मांडावे.

आणि तिघांनी खेळ बंद करू नये. मास्तर पुतणीने व्हावे. तिला भीती वाटते, बेत आधी रचून ठेवते आणि तो मोडला की रुसते. चांगल्या मास्तरची सगळी लक्षणे आहेत.

येथपर्यंतचा मजकूर मी लिहिला, मी वाचला आणि तो मला मान्य आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर माझ्या सहीचा दुसरा कागद कोणी दाखवला, तर त्यावर माझ्या शेजारी तेव्हा कोण उभे होते ते आधी विचारावे.

साक्षीदार (दोघांनाही यातून काही मिळत नाही):
१. मला तपासणाऱ्या डॉक्टरबाई. सही.
२. समोरच्या दुकानातले चष्मेवाले. सही. त्यांनी मजकूर वाचलेला नाही, मला लिहिताना पाहिले आहे.

ठिकाण: राहते घर, वरची खोली.
दिनांक: १७ ऑगस्ट २०२३. तारीख मी कोणालाही न विचारता लिहिली आहे. वार गुरुवार. तो विचारावा लागला.

लिहून देणार: सही.