फळीचा फोम, हसनाबादची विहीर आणि माझा संशय

जालना,
रविवार, १८ मे २००८

प्रिय मार्तंड,

सप्रेम नमस्कार. तुझी दोन पत्रे आली आणि एकाचेही उत्तर गेले नाही, याची माफी आधी मागतो. वेळ नव्हता असे लिहिणार होतो, पण डायरी चाळली तर चार महिन्यांत वेळ भरपूर होता, धीर नव्हता. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार. आम्ही उन्हासकट बरे आहोत.

तू गोव्याहून ट्रकने पाठवलेल्या, शीड लावून समुद्रावर चालवायच्या जुन्या फळीची चौकशी केली आहेस. जालन्यात फायबरचे कूलर बनवणारे पुष्कळ, तेव्हा तिच्या पोटातला फोम काढून त्याचा काईटबोर्ड घडवून घे, असे तुझे म्हणणे. (पायांत लहान फळी अडकवायची आणि हातातल्या भल्यामोठ्या पतंगाने आपल्याला पाण्यावरून ओढू द्यायचे, हे मी निम्म्या कचेरीला समजावले आहे. उरलेली निम्मी मला टाळते.) पण त्याच पत्रात पुढे तू लिहिलेस, "डिसेंबरात दोघे या. फळी पाण्यावर तूच पहिली चढवायची, आपल्यात पट्टीचा पोहणारा तूच." या वाक्याखाली मी पेन्सिलने रेघ मारली आणि पत्र कपाटात ठेवले. ते का, ते पुढे येईल.

काम भुजंग कूलरवाल्याला दिले. त्याने वरचे कवच सोलले. आतला फोम एका बाजूने पाणी प्यायलेला निघाला, म्हणून तो पंधरा दिवस आमच्या गच्चीवर वाळवला. मग मधला साडेचार फुटांचा भाग कापून, कानशीने घासून पातळ केला. उरले सात तुकडे, ते गच्चीवरच ठेवले. आता वर कूलरच्या फायबरचे रसायन चढवायचे. पण ते काही फोमला मानवते आणि काही फोमचे दही करते. भुजंग म्हणाला, "साहेब, बिनधास्त ओततो, काही होत न्हाई." इतक्या बिनधास्त माणसाचा मला लगेच संशय येतो. आधी एखाद्या तुकड्यावर थेंब टाकून पाहू, असे म्हणून मी गच्चीवर गेलो, तर सातांपैकी तीनच तुकडे शिल्लक. चाचणी बाजूला राहिली आणि तपास सुरू झाला.

पहिला संशय अर्थातच भुजंगवर. दुसरा शेजारच्या तातेरावांवर, कारण त्यांचा कूलर यंदा अचानक थरथरायचा थांबला होता. वर्तमानपत्र मागण्याच्या निमित्ताने गेलो आणि वाकून कूलरखाली पाहिले. विटा होत्या. तातेरावांनी विचारले, काय हरवले? मी म्हणालो, चष्मा. (चष्मा डोळ्यांवर होता. त्यांनी तसे दाखवून दिले नाही, यावरून त्यांच्याबद्दलचा माझा संशय कमी होण्याऐवजी वाढला.)

तिसरा संशय लिहायला हात धजत नाही. विमल गेले चार रविवार कुरडया घालायला म्हणून हसनाबादला भावाकडे जाते. कुरडई एकही घरी आली नाही, आणि दर वेळी केस ओले. वीस वर्षांच्या संसारावर संशय घेतो म्हणून मी डायरीत स्वतःची एक पान निर्भर्त्सना केली आणि आज सकाळी तिच्या मागच्या जीपने हसनाबादला गेलो.

शेतात लिंबाखाली मेहुणा कडूबा आडवा हात करून उभा. "दाजी, तिकडं नका जाऊ. बाया पोहून राह्यल्या." मान उंच केली तर त्याची बायको नंदाबाई विहिरीत, पाठीला तुझ्या फोमची सांगड. (नवशिक्याला तरंगत ठेवायला पूर्वी वाळके भोपळे बांधत.) आणि तिच्याभोवती विमल, सांगडीशिवाय, खुशाल फेऱ्या मारते आहे! नंदाबाईने मला पाहिले आणि विहीर घुमवली, "येऊ द्या की दाजींला! ते तं गोदावरी पोहून गेल्ते, त्यांना सांगड बिलकुल लागत न्हाई!"

मला सर्दी झाली आहे, असे मी सांगितले. "या उन्हात?" कडूबा म्हणाला.

विमल वर आल्यावर मी शक्य तितक्या शांतपणे कारण विचारले. केस पिळत ती म्हणाली, "तुम्ही समुद्रात जाणार. मंग काही झालं तं ओढून कोण काढणार?" गोदावरी पोहलेल्या माणसाला ओढून काढावे लागेल असे तिला का वाटावे, यावर मी परतीच्या जीपमध्ये विचार केला. ती पुढे बसली होती, म्हणून तोंड दिसले नाही. तिने एक रुंद तुकडा, "घ्या तुमच्या चाचणीला," म्हणून माझ्या पिशवीत ठेवला होता. पण त्याची दोरी सोडली नव्हती. ती दोरी नंदाबाईला दोन वेढे बसेल. मला एक वेढा बरोबर बसतो. (मोरीचे दार लावून मापून पाहिले.)

संध्याकाळी तुकड्याचा कोपरा कापून भुजंगकडे नेला. थेंब टाकला, फोमला काही झाले नाही. म्हणजे फळी दिवाळीआधी नक्की तयार होते, आणि माझी शेवटची सबब संपते.

तुझा,
बद्रीनाथ

ता. क. मार्तंडा, मला पोहता येत नाही. घनसावंगीकडे मी गोदावरी ओलांडली हे खरे, पण होडीतून. हात पाण्यात होता. वसतिगृहात तुला सांगताना होडी राहून गेली, आणि पुढे चोवीस वर्षे तिला गोष्टीत आणायला जागा सापडली नाही. (की तुला हे ठाऊकच होते, आणि म्हणूनच ते वाक्य लिहिलेस?)

ता. क. २. डिसेंबरात फळीवर आधी विमल चढली तर चालेल का? चालणार असेल तर तसे कार्ड टाक. मात्र कल्पना तुझी आहे असे लिही. कार्ड आधी तीच वाचते.

ता. क. ३. उद्याचे काम: आठ दिवसांच्या रजेचा अर्ज. कारण खरे लिहायचे: "पोहणे शिकणे". (साहेब विचारतील, पाटबंधारे खात्यात बावीस वर्षे काय केलेत?)