दोनदा टाकलेला युरिया

टाकवे बुद्रुक
१४ मार्च २०२५

चि. तेजल हिस,

सप्रेम जयभीम आणि आबांचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या ओवीने खाली काढलेली गाय पाहिली. गायीला पाच पाय आहेत, पण शेपटी बरोबर आहे, म्हणून मी पास केली. तुझी आई म्हणाली की तो पाय नसेल, लांबलेला सड असेल, गाय दूध जास्त देत असेल. ती हे बोलली ते मला ऐकू आले नाही, पवनने पाटीवर लिहून दाखवले. चांगला विनोद असला की तो लिहितो, नाहीतर आळस करतो.

विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात मका गुडघ्याला आली आहे. आपल्या हरणी गायीला सातवा महिना लागला. कबरी दूध देते आहे. पवनच्या डोक्यात आता एकच आहे. हरणी व्याली की कंपनीतले कंत्राटी काम सोडायचे आणि गोठाच करायचा. मका कणसात दाणा भरेपर्यंत ठेवायची, मग कुट्टी करून पिशव्यांत दाबून मुरघास करायचा, म्हणजे पावसाळाभर चाऱ्याची चिंता नाही. मी म्हटले, लोणावळ्याला पर्यटक भाजलेल्या कणसासाठी रांग लावतात, हिरवी कणसे काढून तेजलकडे पाठवू. तर म्हणतो, आधी गायी, मग पर्यटक. मुलगा शहाणा झाला, हे मला जरा उशिराच कळते आहे.

त्याला वेळ मात्र मिळत नाही. रविवारी मी वडिवळ्याला सोपानच्या नातवाच्या बारशाला गेलो होतो. सोमवारी सकाळी बस गाठायच्या घाईत पवन दारातून मला काहीतरी सांगून गेला, कंपनीचेच असेल. मकेला युरियाची वेळ झाली होती आणि हा दोन पाळ्या करून आलेला. म्हणून मंगळवारी मी स्वतःच टाकला. भाताच्या वेळची एक गोण माळ्यावर होती, ती सगळी घातली आणि पाणी सोडले. या वयात कंबर दोन दिवस बोलली, पण पोराचे एक काम हलके झाले. त्याला सांगितलेले नाही. पीक काळेभोर झाले की आपोआप कळेल.

जावईबापूंना जयभीम. ओवीला चारच पाय काढायला सांग.

तुझे आबा

*

लोणावळा
२५ मार्च २०२५

तीर्थरूप आबांस,

सविनय जयभीम.

इकडे आम्ही खुशाल आहोत. शाळेत परीक्षांची धांदल आहे. ओवी म्हणते की पाचवा पाय नव्हताच, ती वासराची मान आहे, पोटातून डोकावणारी. तेव्हा मार्क वाढवून द्यावेत ही विनंती.

परवा पवनचा फोन आला होता. विहिरीवरची मोटर जळाली म्हणाला. कामशेतला दुरुस्तीला दिली आहे आणि दुकानदार रोज उद्या म्हणतो आहे. मकेची पाने दुपारी पुंगळीसारखी वळतात असे सांगताना त्याचा आवाज इतका उतरला होता की मला वाटले घरातलेच कुणी आजारी आहे. सुका चाराही संपत आलाय म्हणे. त्याच्या पाठीवर जरा हात ठेवा. तुम्ही कामे करता, पण हात ठेवायचे विसरता.

आणि एक जुनीच तक्रार. मी आणून दिलेले कानाचे यंत्र अजून डबीतच आहे ना? आईने सगळे सांगितले आहे. यंत्र नको तर नको, पण निदान ऐकू आले नाही हे सांगत चला. तुम्ही सगळ्यांसमोर मान हलवता. मला नोकरी लागल्याचे सांगितले तेव्हाही अशीच मान हलवली होती आणि आठ दिवसांनी विचारले होते की त्या मुलाखतीचे काय झाले. तेव्हा आम्ही हसलो होतो. पण आबा, रेल्वेत तीस वर्षे रूळ ठोकून कान गेले, यात लाज कसली? पाटी पुढे करत जा.

आईच्या गुडघ्यासाठी तेल पाठवते आहे. हरणीला ओवीचा पापा.

तुमची तेजल

*

टाकवे बुद्रुक
१२ एप्रिल २०२५

चि. तेजल हिस,

जयभीम.

लिहायला हात होत नाही, पण पवनने तुला फोनवर अर्धवटच सांगितले असेल म्हणून लिहितो. बुधवारी आपली हरणी गेली. पोटातले वासरूही गेले.

रविवारी मोटर दुरुस्त होऊन आली. पंधरा दिवस तहानलेल्या मकेला पवनने मन भरून पाणी दिले. दोन दिवसांत पाने अशी उघडली की तुझी आई बांधावर उभी राहून बघत बसली. गोठ्यात चारा संपलेला. मुरघासापर्यंत थांबण्यासारखे राहिले नव्हते. पवनने बुधवारी सकाळी बुडापासून चार भारे कापून आणले. हरणी भुकेलेली, गाभण. पहिला भारा तिच्यापुढे टाकला. तिने तो कसा खाल्ला म्हणून सांगू. कबरीच्या वाट्याला थोडाच आला.

दुपारी मी ओट्यावर बसलो होतो. पाहिले तर तुझी आई गोठ्याच्या दारात उभी, तोंड उघडे, हात डोक्यावर. ती ओरडत होती आणि मला काहीच ऐकू येत नव्हते. कधीपासून ओरडत होती कोण जाणे. धावलो तर हरणी थरथरत होती, धापा टाकत होती. हिरड्या मातीच्या रंगाच्या झाल्या होत्या. डॉक्टर येईपर्यंत तिने मान टाकली. कबरीला शिरेतून निळे इंजेक्शन दिले, ती वाचली. डॉक्टरांनी हरणीचे रक्त दाखवले. लाल नव्हते, उकळलेल्या चहासारखे होते.

डॉक्टरांनी पवनला बरेच काही विचारले. पवनने उत्तर दिले. मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले आणि मी मान हलवली. त्या वेळी दुसरे काही सुचण्यासारखे नव्हते. नंतर पवनने पाटीवर एवढेच लिहिले की मकेतून विषबाधा झाली.

तुझी आई जेवत नाही. वासरी असल्यापासून तिने हरणीला वाढवली होती. पवन माझ्याकडे बघत नाही. परवा जयंती आहे, पण विहारात जायचा कुणाला उत्साह नाही. बाबासाहेबांच्या फोटोला हार घालीन आणि घरीच बसेन.

आबा

*

लोणावळा
१७ एप्रिल २०२५

तीर्थरूप आबांस,

सविनय जयभीम.

तुमचे पत्र वाचून मी शाळेतून अर्धा दिवस घरी आले. ओवीला अजून सांगितलेले नाही.

आबा, हे पत्र मी तीनदा फाडून लिहिते आहे. काल पवनशी बोलणे झाले. तुमच्यासमोर डॉक्टर काय बोलले ते तुम्हाला कुणीच नीट सांगितलेले दिसत नाही, म्हणून मी लिहिते. मकेला युरिया फार झाला आणि पाणी तुटले की झाडाची वाढ थांबते. मग एकदम पाणी मिळाले की मुळे ते सगळे खत ओढून घेतात, पण झाडाला ते पचवायला वेळ मिळत नाही. ते खालच्या दांड्यात साठून राहते. वरून पीक हिरवेगार दिसते. त्याच दिवसांत ते कापून घातले की जनावराचे रक्त काळपट होते आणि ते गुदमरते. डॉक्टरांनी पवनला विचारले की युरिया किती टाकला. त्याने सांगितले, मी चुकून दोनदा टाकला. मग त्यांनी तुम्हाला विचारले की हे खरे का. आणि तुम्ही मान हलवलीत.

मला पवनचा राग आला होता. एकच काम दोनदा कसे केलेस असे मी त्याला बोललेसुद्धा. मग रात्रभर काहीतरी खटकत राहिले आणि सकाळी तुमचे जुने पत्र काढले. १४ मार्चचे. ते आता माझ्यासमोर आहे. रविवारी तुम्ही वडिवळ्याला होता. पवन घरी होता. मंगळवारी तुम्ही माळ्यावरची गोण सगळी घातलीत.

आबा, मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्ही त्याचे काम हलके करायला गेलात. पण तो सगळे स्वतःवर घेऊन बसला आहे. मला म्हणाला, ‘ताई, माझ्या हातात जनावर टिकत न्हाई.’ गोठ्याचा नाद सोडला म्हणे. येत्या सत्तावीस तारखेला, रविवारी, कबरीला घेऊन जायला एक माणूस येणार आहे. कंपनीत कायमची रात्रपाळी मागून घेतली आहे. त्या रविवारच्या आधी पवनला सांगा. मी सांगणार नाही. हे तुमच्याच तोंडून गेले पाहिजे, नाहीतर त्याला वाटेल की मी समजूत काढते आहे.

उरलेली मका आता हिरवी कापू नका. कणसे वाळेपर्यंत उभी राहू द्या. डॉक्टर म्हणाले की दाण्यात ते विष जात नाही.

आईजवळ बसा. पत्राची वाट पाहते.

तुमची तेजल

*

टाकवे बुद्रुक
३० एप्रिल २०२५

चि. तेजल हिस,

जयभीम आणि आशीर्वाद.

तुझे पत्र एकवीस तारखेला हातात पडले. तुझ्यापासून लपवत नाही, वाचले आणि उशीखाली ठेवले. रोज सकाळी ठरवायचो की आज सांगू. पवन रात्रपाळीहून यायचा, चहा घ्यायचा, झोपायचा. मी म्हणायचो, दमला आहे, उद्या सांगू. पोराच्या दमण्याची मला फार काळजी. ती काळजी नव्हती, भ्याडपणा होता, हे आता लिहितो आहे.

रविवारी माणूस आला. कबरी टेम्पोत चढेना. पवनने तिच्या मानेवर हात ठेवला तशी चढली. तुझी आई आत भांडी घासत होती, एकच भांडे पुन्हा पुन्हा. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तेव्हासुद्धा मी सांगितले नाही.

सोमवारी सकाळी पवन गोठ्याच्या गव्हाणी उचकटून काढायला लागला. मी त्याच्या हातातली पहार धरली आणि म्हणालो, ‘पवन, दुसरी गोण मी टाकली होती. हरणी माझ्या हातून गेली.’

त्याला नवल वाटले नाही. त्याने गोठ्याच्या कोपऱ्याकडे बोट केले. तिथे ती माळ्यावरची गोण रिकामी पडली होती. बसायला होईल म्हणून मीच धुऊन वाळत घातली होती. हरणी गेली त्याच दिवशी त्याने ती पाहिली होती. डॉक्टर यायच्या आधी. म्हणजे तेजल, माझ्या पोराने माझ्यादेखत माझा गुन्हा आपल्या नावावर सांगितला आणि मी मान हलवून त्याला दुजोरा दिला. आणि एवढे होऊन त्याला गाय विकू दिली.

मग तो बोलू लागला. बराच वेळ बोलला. ओठ हलत होते, डोळे वाहत होते. सवयीने माझी मान हलायला लागली. या वेळी मी ती हलू दिली नाही. त्याला म्हणालो की मला काही ऐकू आले नाही, लिहून दे. पाटी जवळ नव्हती. तुझ्या पत्राचे पाकीट खिशात होते, ते आणि पेन पुढे केले. तो जमिनीवर बसून लिहू लागला. जे लिहिले ते तुला जसेच्या तसे उतरवून देतो.

‘आबा, त्या सोमवारी मी दारातून सांगितलं, युरिया टाकलाय, तुमी हात लावू नका. तुमी मान हलवली. तुमाला ऐकू आलं न्हाई ते मला कळलं व्हतं. बस उभी व्हती. पाटी घ्यायला आत यायला पायजे व्हतं. मी तसाच गेलो.’

आम्ही दोघे तिथेच बसून राहिलो. ऊन गोठ्यात आले तेव्हा तुझी आई आली, पाकीट हातात घेतले. तिला वाचता येत नाही. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिले आणि पाकीट परत पवनच्या हातात दिले. मग पवनने तिला वाचून दाखवले. माझ्या खांद्यावर हात टेकून ती खाली बसली, गुडघा दुखत असताना.

गव्हाणी तशाच ठेवल्या आहेत. रात्रपाळी पवनने सोडलेली नाही आणि पुन्हा गाय आणायचे नाव कुणी काढत नाही. मका उभी आहे. कणसे बारीकच आहेत, पण वाळली की काढू. त्या दाण्याची भाकरी या घरात कुणाच्या घशाखाली उतरेल असे वाटत नाही. ओवीला हरणीचे खरे सांग. वासराची मान तिने बरोबर काढली होती.

यंत्र डबीतून काढून कानात घातले आहे. पहिल्या दिवशी सवयीने गोठ्याशी जाऊन उभा राहिलो, बराच वेळ. काही ऐकू आले नाही. यंत्र बिघडले असेल म्हणून तुझ्या आईला विचारले. ती म्हणाली, ‘यंत्र बरं हाये. तितं आता कोन न्हाई.’

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे आबा