अबुजाचा निकाल आणि श्नॅप्सच्या दोन बाटल्या

३ फेब्रुवारी
जिंकलो! अबुजाच्या कोर्टाने साफ सांगितलं, सरकारने आमच्या किनाऱ्यावर बुलडोझर फिरवला तो बेकायदा, जागा परत करा. माझं कोल्ड स्टोअर, थोरल्या बहिणीच्या मासे धुरवायच्या भट्ट्या, सगळ्याची. आमचा देश धरून आसपासच्या इतक्या देशांचं मिळून एक कोर्ट. त्याच्यावर कोण? पेंटरला लगेच पाटी सांगितली: 'लॅम्पटी कोल्ड स्टोअर. आंतरराष्ट्रीय न्यायाने परत.' ताईला म्हटलं, माझ्या अंगणात मातीच्या भट्ट्या बांधू नकोस, तोवर पत्र्याच्या पिंपावर भागव. ईस्टरला किनाऱ्यावर. ती म्हणाली, बुलडोझरवाल्याला कळवलंस का?
बायकांना कायदा कळत नाही.

२० फेब्रुवारी
निकाल घेऊन मंत्रालयात. साहेब मीटिंगमध्ये. माझे कान तिखट. दाराआडून ऐकलं, तो मासेवाला पुन्हा आलाय का? म्हणजे नाव वरपर्यंत पोचलंय.

१७ मार्च
निकालाची अंमलबजावणी व्हावी म्हणून आपल्या हायकोर्टात अर्ज केला होता. जज म्हणाले, करारावर देशाची सही आहे, पण संसदेने त्याचा कायदा केलेला नाही. इथे राज्यघटना सर्वोच्च, बाहेरच्या कोर्टाचा हुकूम चालत नाही. माझ्या वकीलबाईंना विचारलं, मग सही केली कशाला? म्हणाल्या, फोटोसाठी, अंकल.
अपील करतोय. किरकोळ अडचण.

ईस्टर
पाटी तयार. सुंदर अक्षर. पलंगाखाली ठेवली. पिंपाच्या धुराने घरभर खोकला. ताईचा निम्मा माल करपतो, गिऱ्हाइकं तुटतायत. ती म्हणते, पिंप म्हणजे भट्टी नव्हे. संकल्प: ताईवर चिडायचं नाही.
संध्याकाळी चिडलो.

९ मे
सरकार वाकलं! मंत्रालयाचे साहेब स्वतः घरी. हातात श्नॅप्सच्या, म्हणजे कडक दारूच्या, दोन बाटल्या. आमच्याकडे हरलेला माणूस बाटली आणतो, म्हणजे चूक कबूल. रीतीप्रमाणे पाहुण्याला पाणी द्यायचं, येण्याचं कारण चारचौघांत विचारायचं, मगच बाटलीला हात लावायचा. पण सरकार दारात आलंय, त्याला कारण काय विचारायचं? घेतल्या. पूर्वजांच्या नावाने जमिनीवर धार सोडली. गल्लीतला फोटोग्राफर बोलावला. साहेबांनी फोटोची एक कॉपी मागितली, मी तीन दिल्या. मोठ्या साइझच्या.
ताई आतून ओरडली, अरे, कारण विचारलंस का? म्हटलं, शुभ वेळी तोंड उघडू नकोस. म्हणाली, माशाची पेटी घेताना तळापर्यंत हात घालून वास घेतोस, आणि सरकारची बाटली तशीच घेतलीस?
जळतात लोक.

२ जुलै
अपिलाची सुनावणी. सरकारी वकिलाने फाइलमधून फोटो बाहेर काढले. माझेच. म्हणाला, जमीन मागायला येणाराही बाटली आणतो. ती घेतली, धार सोडली, की जमीन दिली. हा रिवाज आहे, आणि रिवाजाला राज्यघटना मानते. जजनी मला विचारलं, मिस्टर लॅम्पटी, बाटल्या कशासाठी, हे तुम्ही विचारलं होतं?
मला खोकला आला.
म्हणजे इतक्या देशांचा निकाल राज्यघटनेत बसत नाही, आणि दोन बाटल्या बसतात. बाहेर वकीलबाई म्हणाल्या, अंकल, एक फोन तरी करायचा! म्हटलं, शनिवार होता, तुम्हाला कशाला त्रास. त्या गाडीत जाऊन बसल्या. काच वर केली.
संकल्प: अबुजाला तक्रार करायची. सरकार ऐकत नाही म्हणून. बाटल्यांचं लिहायचं की नाही, विचार करतोय.

२८ जुलै
अपील फेटाळलं.
घरी आलो तर ताई अंगणात गुडघ्यापर्यंत मातीत. गोल भट्टी लिंपत होती. म्हटलं, ताई, थोडी कळ काढ, अबुजाला लिहितोय. हात धुऊन ती म्हणाली, पलंगाखाली ती फळी आहे ना, ती दे. भट्टीवर झाकायला हवी.
आणून दिली. बरोब्बर बसली. ओली माती सुकवायला तिने आत जाळ घातला.
म्हटलं, निदान अक्षरं वरच्या बाजूला ठेव.
म्हणाली, वर ठेव नाहीतर खाली ठेव, आठवड्यात काळीच होणार. सरक, धूर येईल डोळ्यांत.