आठच्या आधीची माणसं

११ नोव्हेंबर, सोमवार
साहेबांनी आज मोनालीच्या टेबलाशी उभं राहून चहा घेतला. माझ्या टेबलाशी सोळा वर्षांत एकदाही नाही! पुढच्या दहा वर्षांत बुऱ्हाणपुरात कोण कुठे जाईल, कुठे बस लागेल, हे ती घरोघरी विचारून कॉम्प्युटरवर काढते. मी नाक्यावर बसून माणसं-गाड्या मोजते आणि त्यावर दरसालचा टक्का वाढवते. "तुमचा तरीका पुराना झाला, जयश्रीबाई," साहेब म्हणाले. कोणती पद्धत घ्यायची ते येत्या बावीसच्या बैठकीत ठरणार.

१२ नोव्हेंबर
तिने सगळ्यांसाठी गाजर हलवा आणला. चांगला झाला होता. त्याचाच राग आला.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
सापडली तिची चूक! तिची माणसं लोधीपुऱ्यात विचारायला गेली अकरा वाजता. तेव्हा बायका घरी कुठे? पहाटे पाचलाच पिकअपमध्ये उभ्या राहून निंबोल्याला कापूस वेचायला जातात. माझी थोरली बहीण रंभाताईसुद्धा. घरी भेटले नवरे. ते म्हणाले, 'बायको कुठं जाते? घरीच असते.' म्हणून कॉम्प्युटर म्हणतो, पहाटेची बस नको.

माझ्या मोजणीतही त्या नाहीत म्हणा, मी आठला बसते. पण ते कोण विचारतंय?

आत्ता सांगणार नाही. बावीसला सगळ्यांसमोर उठेन. तोवर फुगू दे तिला.

१७ नोव्हेंबर, रविवार
ताई आली होती. हात सुजलेला. वळणावर पिकअपच्या फाळक्यावर आदळली. "मांगच्या सालीच सांगितलं व्हतं ना तुले, ऑफिसात सांग, पहाटची बस टाका म्हना?" म्हटलं, सांगितलंय. खोटं बोलले.

उद्याच मोनालीला सांगावं, असं वाटलं. मग तो चहा आठवला.

२० नोव्हेंबर
दोन दिवस झाले, मोनाली उशिरा येते. साहेब चकार शब्द काढत नाहीत. मी असते तर!

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
मी उठायच्या आत तीच उठली. "सर, माझा सर्वे गलत आहे. माझ्याच गल्लीतून पहाटे पिकअप भरून जाते आणि कागदावर एक बाई नाही. दोन दिवस त्यांच्यासोबत जाऊन आले. आधी नाक्यावर मोजू, पण पाचपासून. मग कॉम्प्युटर." साहेबांनी विचारलं, हे सुचवलं कोणी? तिने माझं नाव घेतलं. टाळ्या पडल्या.

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. हिची भीक कोणाला हवी होती?

२५ नोव्हेंबर, सोमवार
जिन्यात गाठून विचारलंच. मोनाली हळू आवाजात म्हणाली, "पिकअपमध्ये तुमची ताई होती. हात बांधलेला. विचारत होती, जयश्रीनं ऑफिसात खरंच सांगितलं का? मी म्हटलं, हो. त्यांनीच तर पाठवलं मला."